दारातला हात

मे महिन्यातली दुपार होती. मी सांगलीला लेकीकडे गेले होते आणि नातीच्या नव्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालत बसले होते. फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, 'मुजावरबाई'. मी फोन कानाला लावला आणि पलीकडून आवाज यायच्या आतच बोलून मोकळी झाले, "काय हो बाई, सुट्टीत तरी शाळा डोक्यातून उतरू द्या की!" आमचं असंच चालायचं. पण पलीकडे कुणी हसलं नाही. मग एका पुरुषाचा आवाज आला, "पाटीलबाई, मी इकबाल बोलतोय. आपाचा भाऊ..." सकाळी छातीत दुखायला लागलं म्हणाला, कराडला न्यायला गाडी काढली, पण वाटेतच सगळं संपलं. बहिणीच्या फोनमध्ये शाळेच्या माणसांपैकी माझं नाव सगळ्यात वर होतं, म्हणून त्यानं मला आधी कळवलं. मुजावरबाईंचा नंबर मी अजून फोनमधून काढलेला नाही. काढायला गेलं की माझं ते चेष्टेचं वाक्य मलाच पुन्हा ऐकू येतं.

कडेगावला पोचले तेव्हा बाईंचं घर माणसांनी भरलं होतं. जनाजा निघाला आणि आम्ही बायका आत राहिलो. त्यांच्या खोलीत एका खिळ्याला छत्री आणि त्याच खिळ्याला शाळेची किल्ली टांगलेली होती. सुट्टीत किल्ली त्यांच्याकडेच असायची. ती मागून घ्यावी असं मनात आलं, पण त्या दिवशी हात लावायचं धाडस झालं नाही. जून तोंडावर आला होता आणि या वर्षी पहिलीचा वर्ग कोण उघडणार, हे त्या गर्दीत बसून आठवत राहणं मला बरं वाटेना.

आमची शाळा कडेगावच्या अलीकडे एका वाडीत. तिन्ही बाजूंनी ऊस, पुढून रस्ता. पहिली ते चौथी, शिक्षिका दोघीच, मुजावरबाई आणि मी. त्यांचं नाव शमीम, पण तेवढी वर्षं शेजारी शेजारी काढून मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही आणि त्यांनीही मला नाही. दोघी एकमेकींना बाई म्हणायचो. मी उंच, आवाजानं दणदणीत, शिस्तीची. त्या ठेंगण्या, आवाज असा की तिसऱ्या ओळीतल्या पोरानं कान द्यावा तेव्हा ऐकू जावा. लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाचा संसार तोच त्यांचा संसार. पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या आणि त्यावरून मी त्यांना फार छळायची. "तुम्ही गेलात की पहिलं काम काय करणार सांगू? तो धोंडा उचलून उसात टाकणार," असं मी म्हणायची. पहिलीच्या वर्गाच्या दाराशी एक काळा, गुळगुळीत धोंडा असायचा. बदली होऊन आल्या तेव्हा पिशवीतून घेऊन आल्या होत्या. कोयनेच्या पात्रातला. तो दाराला लावून ठेवायचा, दार दिवसभर सताड उघडं. वारा येवो, धूळ येवो, साहेब येवोत.

जूनमधली त्यांची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच शाळेत पाहिली नाही. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी त्या पहिलीत येणाऱ्या पोरांना रिकाम्या शाळेत बोलवायच्या. हजेरी नाही, प्रार्थना नाही, फळ्यावर काही लिहायचं नाही. पोरं हवं तिथं बसायची, नळ सोडून बघायची, मुतारीत डोकावून यायची, आपला डबा आपणच उघडायची. पोरांच्या आयांना सांगायच्या, "डब्याचं झाकण घट्ट नको. पोराला उघडत नाही, मग ते उपाशी बसतं आणि तुम्हाला वाटतं शाळा आवडत नाही." आणखी सांगायच्या, "घरी आल्यावर काय शिकलास विचारू नका. कुणाच्या शेजारी बसलास ते विचारा." आणि एक गोष्ट मात्र फार कडकपणे बजावायच्या, एवढ्या की त्यांचा आवाज तेवढ्यापुरता माझ्यासारखा व्हायचा. पोराला नजर चुकवून सोडून जायचं नाही. रडलं तर रडू दे, पण जाताना तोंडावर सांगून जायचं.

आणि मग शेवटी बाहेर पडायचा पाठ. आत कसं बसायचं हे आम्ही सगळेच शिकवतो. मुजावरबाई आधी बाहेर कसं पडायचं ते शिकवायच्या. मैदानाच्या टोकाला, फाटकाच्या आत, एक चिंच आहे. पहिल्या आठवड्यात पहिलीच्या कुठल्याही पोरानं मनात येईल तेव्हा उठायचं, न विचारता, चालत जाऊन चिंचेला हात लावायचा आणि परत यायचं. ते परत येईपर्यंत बाई दारात उभ्या. डावा हात चौकटीवर, उजवा हात वर. ठेंगण्या होत्या ना, म्हणून टाचा उचलून हात ताणायच्या. "अहो, खांदा निखळंल," मी माझ्या वर्गातून ओरडायची. पहिल्या दिवशी पोरांची नुसती रीघ लागायची चिंचेला. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत कुणाला चिंचेची आठवणही राहायची नाही. ज्याला बाहेर जायचा रस्ता माहीत आहे ते पोर आत निवांत बसतं, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशीची हलगी आणि मिरवणूक त्यांना अजिबात खपायची नाही. कागदी मुकुटाखाली भेदरून रडणारी पोरं बघितली की त्यांचा चेहरा पडायचा. शाळा समितीचे अध्यक्ष दरवर्षी कुरकुरायचे, "आवं बाई, मिरवणूक न्हाई तर फोटू कशाचा टाकायचा?" त्यावर त्या नुसत्या हसायच्या आणि धोंडा दाराला लावायच्या.

या सगळ्यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. परीक्षा संपलेल्या, पोरं घरी गेलेली, आम्ही दोघी पेपर बांधत होतो. मी सहज विचारलं, "हा धोंडा कोयनेचाच का आणलात?" त्यांनी सुतळीची गाठ पक्की मारली. मग बोलल्या. वडील कोयनेच्या प्रकल्पावर कामाला, राहायला कोयनानगरच्या वसाहतीत. तिकडं जमीन हलणं नेहमीचंच, भांडी वाजली की बायका चुलीवरचं उतरवून अंगणात येत, थांबत, पुन्हा आत जात. बाई तिसरीत होत्या आणि इकबालचा शाळेतला पहिला दिवस होता. पहिलीच्या गुरुजींनी सकाळी सांगितलं होतं, विचारल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. दुपारच्या आत धक्का बसला. मोठा नव्हता. सगळी शाळा मैदानात पळाली. आपापल्या वर्गाच्या रांगेत हात वर करून उभं राहायचं, मोजदाद करायची, अशी पद्धत होती. बाई हात वर करून उभ्या राहिल्या. इकबालचं नाव अजून हजेरीत चढलं नव्हतं, त्यामुळे तो कमी आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मैदानातूनच पोरांना घरी सोडलं. बाईंना वाटलं, धाकटा शेजारच्या पोरांबरोबर पुढं गेला असेल. घरी आल्या तर आईनं विचारलं, "छोटा कुठाय?"

"अब्बा पळत गेले," बाई म्हणाल्या. "तो वर्गातच होता. एकटा. मांडीवर पाटी घेऊन बसलेला. कुणी उठ म्हटलं नव्हतं ना त्याला... आणि मी बाहेर हात वर करून उभी होते, बाई. शहाण्यासारखी. त्याला सोडून." त्यानंतर घाबरून घरच्यांनी इकबालला आजोळी, कवठे महांकाळला ठेवलं. त्याचं शिक्षण पुढं अर्धवटच राहिलं. ते आपल्यामुळं, हे बाईंच्या मनात घट्ट बसलं होतं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही आठ वर्षांच्या होता!" त्या म्हणाल्या, "होय की." आणि पुढचा गठ्ठा ओढला. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

आता स्वराचं सांगायला हवं, कारण बाई गेल्यावर मला सगळ्यात आधी काळजी लागली ती तिची. स्वरा वाडीतलीच, कोमलची मुलगी. वडील लष्करात. मागच्या खेपेला सुट्टी संपवून ते पहाटे निघाले तेव्हा ही झोपेत होती. रडेल म्हणून कुणी उठवलं नाही. जागी झाली तर बाप नाही. तेव्हापासून ती आईला नजरेआड होऊ देईना. कोमल गोठ्यात गेली तर ही गोठ्यात, कोमल न्हाणीत गेली तर ही दाराला चिकटून. अंगणवाडीत घालून बघितलं, रडून रडून ताप काढला, घरच्यांनी हात टेकले. मुजावरबाईंनी एप्रिलपासूनच तिला हाती धरलं. पहिल्यांदा ती फाटकापर्यंतच आली. मग आईचं बोट धरून चिंचेपर्यंत. शाळेला सुट्टी लागायच्या सुमाराला एकदा तिनं आईचं बोट सोडलं आणि एकटीनं चिंचेपासून वर्गाच्या दारापर्यंतचं ते मैदान ओलांडलं. दारात बाई, टाचा उचलून, हात वर. स्वरा त्या हाताकडं बघत चालत आली. बाईंनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "जूनमध्ये ये हं. मी इथंच दारात असणार."

हा शब्द देऊन बाई गेल्या. दुःख तर आहेच, पण खरं सांगू का, मला त्यांचा रागही आला. हे पोर एवढं दारापर्यंत आणलंत आणि आता ते माझ्या गळ्यात? मला कुठं जमतं असलं हळुवार काम? जूनच्या सुरुवातीला अध्यक्षांकडच्या दुसऱ्या किल्लीनं शाळा उघडून वर्ग झाडायला गेले तेव्हा तर मला तिथं बसवेना. पाठीमागे कुणीतरी खडू मोडल्यासारखं वाटायचं. मी माझ्या वर्गातून मोठ्यानं काही बोलले की सवयीनं थांबायची, पलीकडून "हळू, बाई" येईल म्हणून. चौकटीवर, त्यांचा डावा हात असायचा तिथं, रंग झिजून आतलं लाकूड गुळगुळीत झालंय. अध्यक्ष म्हणाले, शाळेला रंग द्यायचा आहे, चौकटही रंगवून घेऊ. मी नको म्हटलं, आणि का नको ते सांगितलं नाही. कोमल एकदा रस्त्यात भेटली. तिचे डोळे भरले होते. "आवं बाई, हिला काय सांगू मी? बाई गावाला गेल्यात म्हनून सांगितलंय. रोज इचारती, कवा येणार, कवा येणार. परत आदीसारकं झालं तर माझं पोरगं शाळंत बसायचंच न्हाई." मी तिला रविवारी घेऊन यायला सांगितलं. काय करणार होते, मलाच माहीत नव्हतं.

त्या रविवारी इकबाल बाईंकडची किल्ली परत द्यायला आला. कडेगावला त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. हाताला कायम काळं तेल, बोलायला कमी. पोरं यायला वेळ होता. त्यानं कुलूप काढलं, दार ढकललं, आणि सांगायची गरज न पडता वाकून तो धोंडा दाराला लावला. मग पायरीवर बसला. मला राहवलं नाही. मी त्याला विचारलं, "तो कोयनेचा दिवस तुम्हाला आठवतो का हो?"

"आठवतो की," तो म्हणाला. "आपा सांगायची व्हय?"

मी सगळं सांगितलं. बाई स्वतःला कसा दोष देत होत्या, चिंच, दार, हात, सगळं. तो ऐकत राहिला. मान हलवत राहिला. मग म्हणाला, "मी खिडकीपाशी बसलो हुतो, बाई. बाहेर आपा दिसत हुती. हात वर करून. मला वाटलं ती मलाच सांगतीया, मी हितं हाय म्हनून. मग मी कशाला भ्यायचं? मला जरा पन भ्या वाटलं न्हाई."

"आणि त्या निघून गेल्यावर?"

"ती उभी हुती ती जागा दिसत हुती की," तो म्हणाला. "तिकडंच बघत बसलो. अब्बा येईपत्तर."

तो जरासा हसला. "आन शाळा तर मला जमलीच न्हाई वो. मामाच्या गॅरेजात इंजनाचा वास आला की मी खुळा व्हायचो. शाळा सुटली ती माझ्या डोक्यामुळं. आपाचा काय संबंध?" मी म्हटलं, "हे त्यांना कधी सांगितलंत?" त्यानं हातावरचं तेल पँटला पुसलं, जे पुसून जाण्यासारखं नव्हतं. "तिनं कवा इचारलंच न्हाई. मला काय ठाऊक, ती असलं काय मनात धरून बसलीया..." त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "येत्या चाळिसाव्याला कबरीवर जाईन. तवा सांगतो." आणि गाडीला किक मारून निघून गेला. मी पायरीवर बसून राहिले. एवढ्या वर्षांत किती पोरांसाठी तो हात वर झाला असेल... आणि ज्याच्यासाठी तो खरा होता, त्याच्यापर्यंत तो पहिल्याच दिवशी पोचला होता. हे बाईंना कळायला हवं होतं, फार हवं होतं. मला अजूनही त्याचा त्रास होतो.

मग पोरं आली. नळ, मुतारी, डबे, सगळं झालं. स्वरा आईच्या पदरामागून फक्त दाराकडं बघत होती. मी गुडघे टेकून तिच्यासमोर बसले. मला गोड बोलता येत नाही, पण एवढं पक्कं ठाऊक होतं की बाईंनी हिला खोटं सांगितलं नसतं. मी म्हटलं, "स्वरा, मुजावरबाई गावाला गेलेल्या नाहीत. त्या वारल्या. आता त्या येणार नाहीत." कोमलनं तोंडाला पदर लावला. स्वरानं मला नीट न्याहाळलं. म्हणाली, "सांगून न्हाई गेल्या?"

"नाही गं. त्यांना सांगायला वेळच मिळाला नाही."

तिनं आईचा पदर मुठीत धरला आणि त्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं नाही. मी घरी गेले ती हरल्यासारखी. केलं ते चुकलं की बरोबर, हे सांगायला आता कुणी नव्हतं.

शाळा सुरू झाली त्या दिवशी हलगी नव्हती. अध्यक्ष आपण होऊन म्हणाले, "यंदा नको. मुजावरबाईस्नी आवडायची न्हाई." पोरांना पुस्तकं दिली, एकेक फूल दिलं. कोमल स्वराला घेऊन आली. दारातच वाकून तिनं तिला सांगितलं, "मी घरी जातीया. शाळा सुटली की येणार." स्वराचं तोंड वाकडं झालं, डोळे भरले, पण ती ओरडली नाही. धोंड्याला लागून, दाराच्या अगदी कडेला बसली. मी गोष्ट सांगायला लागले. किती तरी वेळ तिचं लक्ष बाहेर होतं. मग ती उठली. कुणाला न विचारता चपला घातल्या आणि मैदानात उतरली. पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी खडू ठेवला आणि दारात गेले.

ती चालत चालत चिंचेपाशी पोचली. फाटक उघडंच होतं, त्याच्यापलीकडं घराचा रस्ता. तिनं फाटकाकडं पाहिलं, मग झाडाला दोन्ही हात लावले आणि वळली. माझा डावा हात चौकटीवर गेला, नेमका त्या झिजलेल्या जागी. मी उजवा हात वर केला. पण ती हलेना. मला वाटलं, आता ही पळणार. ती माझ्याकडं बघतच नव्हती. माझ्या हाताच्या जरा वर, मोकळ्या हवेत बघत होती. मागं वळून बघायचा धीर झाला नाही.

"बाई," ती तिथून ओरडली, "त्यो हात तसा नसतोय! मुजावरबाई लय वर करत्यात!"

मी एवढी उंच बाई. आयुष्यात कधी कशासाठी मला टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. त्या दिवशी मी टाचा उचलल्या, खांदा दुखेपर्यंत हात ताणला, आणि स्वरा दाराच्या दिशेनं निघाली. ती येऊन जागेवर बसेपर्यंत मी तो हात खाली घेतला नाही.